पाहुणा, तारीख आणि आवक-जावक

परवा रविवारी दुपारी जेवून आडवा झालो होतो आणि टीव्हीवर 'अतिथी तुम कब जाओगे?' लागला. हा सिनेमा टीव्हीवर इतक्या वेळा लागतो की तो स्वतःच आता घरचा पाहुणा झाला आहे. कधी येईल सांगता येत नाही, आणि आला की जाहिराती धरून साडेतीन तास हलत नाही! पण या खेपेला मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. बायकोही शेजारी येऊन बसली. आणि मंडळी, सोळा वर्षांपूर्वी ज्या सिनेमाला आम्ही दोघे पोट धरून हसलो होतो, त्याला या वेळी दोघेही हसलो, पण एकाच ठिकाणी नाही. त्यावरूनच हे लिहायला बसलो आहे.

ज्यांनी पाहिला नसेल (असे कोणी असेल असे वाटत नाही) त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणारे नवरा-बायको. अजय देवगण सिनेमाच्या पटकथा लिहितो, कोंकणा सेन शर्मा इंटिरिअर डेकोरेटर आहे, दोघेही कामाच्या रगाड्यात. आणि एक दिवस दारात लंबोदर चाचा उभे राहतात, गावाकडचे, लांबच्या नात्यातले. परेश रावलनी हा चाचा असा उभा केला आहे की पहिल्या पाच मिनिटांत आपल्यालाही आपला एखादा काका आठवतो. पहाटेची ती गुळणी, पोटातल्या वायूचे ते आवाज, वेळीअवेळी खाण्याच्या फर्माईशी, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या संसारात नाक खुपसणे. चाचा जाण्याचे नाव घेत नाहीत. मग त्यांना घालवण्यासाठी नवरा-बायको एकेक युक्त्या करतात, पार एका भाईपर्यंत प्रकरण जाते. शेवटी अर्थातच दोघांना उपरती होते.

दिग्दर्शक अश्विनी धीर. सिनेमा आला मार्च २०१० मध्ये. शीर्षक आठवण करून देते ती शरद जोशी या हिंदीतल्या थोर व्यंगकाराच्या 'तुम कब जाओगे, अतिथि' या लेखाची. याच धीर यांनी शरद जोशींच्या कथांवर 'लापतागंज' ही मालिकाही केली होती. शरद जोशींचा तो लेख चार पानांचाही नसेल, पण काय लिहिलाय! पाहुण्याचा चौथा दिवस आहे आणि यजमान मनातल्या मनात त्याच्याशी बोलतो आहे, एवढेच. पहिल्या रात्रीचे झोकदार जेवण उतरत उतरत खिचडीवर येते, आणि पुढची पायरी उपासाची आहे असे यजमान मनातच बजावतो. तो एक शब्दही उघड बोलत नाही. सगळी गंमत न बोलण्यात आहे. सिनेमात मात्र सगळे मोठ्याने होते, कारण सिनेमाला आवाज लागतो. मग तो बिचाऱ्या चाचाच्या पोटातून काढला तरी चालतो.

आता आमची गोष्ट. डिसेंबर २००९ मध्ये आमचे लग्न झाले. सांताक्रूझला एका बेडरूमचा भाड्याचा फ्लॅट. मी तेव्हा एलडीसी, ती एका शाळेत शिक्षिका. पणजीच्या आयनॉक्समध्ये हा सिनेमा आम्ही पहिल्याच आठवड्यात पाहिला आणि परतताना स्कूटरवर हसत हसत आलो. त्यानंतर सिनेमाचे नाव हा आमचा घरातला गुप्त शब्द झाला. कोणी नातेवाईक आला आणि तास-दोन तास उठला नाही की स्वयंपाकघरात पाणी आणायच्या निमित्ताने जाऊन मी हळूच म्हणायचो, 'अतिथी...' आणि ती तोंडाला पदर लावायची.

गोव्यात राहणाऱ्याला पाहुण्यांची वाण कधी पडत नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मुंबई एका रात्रीवर आली. तेव्हापासून तर आमच्या नात्यागोत्याचा विस्तार फारच झाला. डिसेंबर उजाडला की ज्यांची नावे वंशावळीतही सापडणार नाहीत अशांचे फोन. 'अरे, आम्ही गोव्यात येतोय, म्हटले तुलाही भेटावे.' भेटावे म्हणजे उतरावे, हे आपण समजून घ्यायचे. मग त्यांना कळंगुट दाखवा, मंगेशी दाखवा, जुने गोवे दाखवा, आणि रात्री सुंगटांचे हुमण. पण या पाहुण्यांविषयी माझी फारशी तक्रार नाही. त्यांचे परतीचे तिकीट काढलेले असते. त्यांना समुद्र हवा असतो, आपण फक्त खाट.

खरा पाहुणा वेगळा. तो समुद्र बघायला येत नाही. तो काम घेऊन येतो.

जुलै २०१० मध्ये आमचे काका आले. वडिलांचे चुलत भाऊ, कुडाळजवळच्या एका गावचे. सिंधुदुर्गातली माणसे मोठ्या दुखण्यासाठी बांबोळीच्या गोमेकॉत येतात हे इथे सर्वांना ठाऊक आहे. काकांनाही तपासण्या आणि उपचारांसाठी दिवसाआड जायचे होते, आणि आमचा फ्लॅट तिथून जवळ. एका हातात पिशवी, दुसऱ्यात छत्री, खांद्यावर तांदळाचे बोचके. 'दोनचार दिवसांचा काम आसा,' म्हणाले. झाले सतरा दिवस.

काका म्हणजे लंबोदर चाचाच. पहाटे साडेचारला उठून गुळणी. पावसामुळे बाल्कनीत वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत म्हणून ते आमच्या एकुलत्या एका पंख्याखाली दोरी बांधून वाळवायचे. त्यांचा एक लेंगा आमच्या टीव्हीसमोर आठवडाभर लटकत होता, बातम्या त्याच्या दोन पायांतून बघायच्या! ते झोपायचे हॉलमध्ये, त्यामुळे रात्री नऊनंतर हॉल बंद. आम्ही नवीन लग्न झालेली माणसे आपल्याच घरात कुजबुजत होतो. बायको पाचला उठायची, काकांसाठी पेज, आमच्यासाठी डबे, संडास-बाथरूमची रांग, मग साडेसातची शाळा. मी? मी कामावर जायचो आणि संध्याकाळी आल्यावर काकांशी गप्पा मारायचो. पुतण्याने काकांशी गप्पा मारायला हव्यातच, नाही का? तेवढे कर्तव्य मी चोख पार पाडले.

बाराव्या-तेराव्या दिवशी खात्यातल्या एका मित्राने सीडी दिली, याच सिनेमाची. तेव्हा सीडीचा जमाना होता. मी म्हटले लावू या. बायकोने माझ्याकडे डोळे वटारून पाहिले, पण काकांनीच म्हटले, 'लाव, लाव.' आम्ही तिघांनी तो सिनेमा पाहिला. आणि सर्वांत मोठ्याने हसले ते काका. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. गुळणीच्या प्रसंगाला तर त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. त्यांना काही कळले होते की नाही, हे आजपर्यंत मला उमगलेले नाही.

दोन दिवसांनी आम्ही खोटे बोललो. बोललो म्हणजे मीच बोललो. 'काका, शनिवारी तिचा भाऊ येणार आहे, बायको-मुलांसकट.' काका लगेच म्हणाले, 'मग येवंदे, माझा आता झालाच.' झाले नव्हते. दोन खेपा बाकी होत्या. त्या त्यांनी पुढे कुडाळहून पहाटेची गाडी पकडून, भर पावसात येऊन-जाऊन केल्या, हे मला नंतर कळले. निघताना त्यांनी बायकोच्या हातावर शंभराची नोट ठेवली आणि म्हणाले, 'येतंय हां.'

गोष्ट इथे संपली असती. पण पुढच्या मे महिन्यात एका लग्नात काकांची आणि माझ्या मेव्हण्याची गाठ पडली. काकांनी सहज विचारले, गेल्या पावसात गोव्याला येऊन गेलात ना. मेव्हणा म्हणाला, 'छे हो, दोन वर्षांत पाऊल टाकले नाही.' काका काही बोलले नाहीत. 'पाऊस यंदा लवकर दिसतो,' असे म्हणून जेवायच्या पंगतीकडे वळले. हे मेव्हण्यानेच मला हसत हसत सांगितले. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! त्यानंतरही २०१४ मध्ये जाईपर्यंत काका दर उन्हाळ्यात कोणाच्या तरी हाती सोलांची पिशवी पाठवत राहिले. स्वतः मात्र पुन्हा कधी आले नाहीत.

तर परवा सिनेमा बघताना मी हा हिशेब डोक्यात घेऊन बसलो होतो. आणि मला जाणवले की या सिनेमात एक प्रश्न कोणीच नीट विचारत नाही. शीर्षकच 'कधी जाणार' असे आहे. पण 'का आलात' हे कोण विचारते? पाहुणा जणू पावसासारखा पडतो. तो आला, बसला, आवाज करू लागला. त्याचे गाव, त्याचे काम, त्याची अडचण यांत सिनेमाला रस नाही. म्हणून मग शेवटची ती उपरती मला पटत नाही. दोन तास ज्याच्या पोटाला हसायला लावले, त्याच्या पाया पडायला शेवटच्या दहा मिनिटांत सांगितले तर प्रेक्षक हात जोडतो खरा, पण लक्षात ठेवतो ते आवाजच. २०१७ मध्ये याच दिग्दर्शकाने 'गेस्ट इन लंडन' काढून परेश रावलना लंडनला नेले, तिथेही आवाजांचाच भरवसा. गंमत म्हणजे मधल्या काळात, २०१२ मध्ये, त्यांनीच 'सन ऑफ सरदार' केला होता, ज्यात पाहुणा घराबाहेर पडला तर त्याचा जीव जाणार असतो, म्हणून तो घरातून हलायलाच तयार नसतो. म्हणजे पाहुण्याला राहण्याचे कारण असू शकते, हे त्यांना ठाऊक आहे!

याच विषयावरचा दुसरा एक सिनेमा आहे आणि तो मला पाहुण्यांवरचा सर्वांत मोठा सिनेमा वाटतो. सत्यजित राय यांचा 'आगंतुक', १९९१ चा. राय यांचा हा शेवटचा चित्रपट. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९२ मध्ये ते गेले. यातही शहरातले सुखवस्तू नवरा-बायको आणि एक मुलगा. पत्र येते, की बायकोचे मामा, जे तरुणपणी घर सोडून गेले ते कित्येक वर्षांनी परत येत आहेत आणि आठवडाभर राहणार आहेत. त्या मामांना ओळखणारे कोणी उरलेलेच नाही. हा मामा खरा की तोतया? नवऱ्याला संशय. घरातल्या किमती वस्तू लपवल्या जातात. मामा (उत्पल दत्त, काय माणूस होता!) स्वतःहून पासपोर्ट दाखवतात आणि वर म्हणतात की यावरून काहीच सिद्ध होत नाही. छोटा मुलगा तेवढा निर्धास्त. त्याला सूर्य, चंद्र आणि ग्रहणाची गोष्ट सांगणारा आजोबा मिळालेला असतो, आणखी काय हवे?

मग एका संध्याकाळी नवऱ्याचा वकील मित्र येतो आणि पाहुण्याची उलटतपासणी घेतो. धर्म, विज्ञान, जंगली कोण आणि सुसंस्कृत कोण, सगळे निघते. शेवटी तो वकील चिडून मामांना सरळ चालते व्हायला सांगतो. दुसऱ्या दिवशी मामा निघून गेलेले असतात, शांतिनिकेतनजवळच्या संथाळ वस्तीत. मग हे दोघे ओशाळून शोधायला निघतात. मामा शेवटी जाताना काय ठेवून जातात ते सांगत नाही, पाहिला नसेल तर पाहा.

राय यांचा पाहुणाही घर उलटेपालटे करतो, पण गुळणीने नव्हे, प्रश्नांनी. तिथे हसू येते ते यजमानांचे. त्यांचा सभ्यपणा, त्यांचे लपवालपवी करणे, त्यांची ती इंग्रजी सौजन्याची घडी. आमच्या सतरा दिवसांतही हास्यास्पद कोण होते? पंख्याखाली लेंगा वाळवणारे काका, की त्याच लेंग्याच्या पायांतून बातम्या बघत खोटा मेव्हणा रचणारा मी?

इथवर मी बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, 'हो दादल्यांनी केल्लो सिनेमा.' मी विचारले, कुठला? म्हणाली, 'दोन्ही.'

तिचे म्हणणे असे. पाहुणा देव, हे उपनिषदात लिहिणाऱ्याला लिहायला काय जाते? देव आला की पुजारी लागतो. सोवळे, नैवेद्य, भांडी, निर्माल्य. ते कोणाकडे? काका वाईट नव्हतेच, ती म्हणाली, उलट जेवून ताट स्वतः उचलायचे, तू नाही उचलत. मला काकांचा त्रास नव्हता. पहाटे पाचला पेज मी केली, आणि काकांचा पुण्यवान पुतण्या तू झालास, याचा त्रास होता. 'त्या सिनेमात चाचांचे अंथरूण कोण काढते, हे कोणी दाखवले? मला तर दिसले नाही.' आणि ती हसली होती ती कुठे, माहीत आहे? नवरा पाहुण्यावर वैतागून बायकोला उपाय विचारतो तिथे. 'सगळे उपाय तिने काढायचे, आणि उपरती दोघांना!'

माझ्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही. त्या वेळी मी काकांना खरे सांगू शकलो असतो. 'काका, जागा लहान आहे, तिची शाळा आहे, अजून किती खेपा आहेत ते सांगा, आपण मिळून काहीतरी करू.' त्या सतरा दिवसांत मी एकदाही पेज शिजवली नाही. मी शिजवली असती तर कदाचित मेव्हण्याला बोलवावेच लागले नसते. म्हणजे घर लहान होते हे खरे, पण ते आणखी लहान झाले ते माझ्यामुळे.

आपल्याकडे अडचण अशी की 'जा' हे क्रियापदच निषिद्ध. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कोंकणीतही 'येतां हां'. पाहुण्याला 'कधी जाणार' विचारणे म्हणजे पाप. आम्ही विचारतो, 'आसतले मू दोन दीस?' याचा अर्थ 'राहा' असाही होतो आणि 'दोनच ना?' असाही. समोरच्याने ज्याचा त्याने अर्थ लावावा! अतिथी या शब्दाची फोडच मुळी ज्याला तिथी नाही तो, अशी सांगतात. येण्याची तिथी नाही हे ठीक, पण जाण्याची?

आणि तरीही, तिथी सांगून येणारा आणि तिथीलाच जाणारा एक पाहुणा आपल्या घरी दरवर्षी येतो. चवथीचा गणपती. (लंबोदर हे नाव त्याचेच, ही गंमत लक्षात घ्या.) आमच्याकडे दीड दिवस. कोणाकडे पाच, सात, नऊ, अकरा. ज्याच्या त्याच्या घराच्या ऐपतीप्रमाणे आणि परंपरेप्रमाणे. माटोळी बांधली जाते, नेवऱ्या तळल्या जातात, सगळे घर त्याच्याभोवती फिरते, आणि ठरल्या वेळी त्याला वाजतगाजत निरोप. दीड दिवसाचा गणपती आणला म्हणून कोणी त्या घराला कंजूष म्हणत नाही, आणि निरोप देताना डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही. प्रत्यक्ष देवालाच तारीख विचारलेली चालते, तर काकांना का चालू नये?

मी सरकारी कारकून. आमच्याकडे रजेच्या अर्जात 'दिनांक... पासून... पर्यंत' हा रकाना असतो. तो रिकामा ठेवला तर अर्ज परत येतो. आवक आणि जावक अशा दोन्ही नोंदी असतात. घरी मात्र आपण फक्त आवक लिहितो आणि जावक देवावर सोडतो. मग ती जावक खोट्या मेव्हण्याच्या नावाने करावी लागते.

२०२३ मध्ये मुलीच्या प्रवेशासाठी पुण्याला गेलो होतो. भाचा तिथे आयटीत, दोन बेडरूमचा फ्लॅट, दोघेही घरूनच काम करणारी. तीन दिवस राहिलो. पहाटे उठायची मला आता सवय झाली आहे. हळूच उठायचो, नळ अगदी बारीक सोडून चूळ भरायचो, आणि ती भरताना काका आठवायचे. तिसऱ्या दिवशी चहा घेताना भाच्याने विचारले, 'मामा, परतीचे तिकीट कन्फर्म आहे ना?' अगदी साधा प्रश्न. कदाचित काळजीनेच विचारला असेल. माझ्या छातीत मात्र चर्र झाले. म्हटले, आहे रे, रात्रीचीच गाडी आहे. आणि मग लाज बाजूला ठेवून विचारले, 'पण पुढच्या महिन्यात परत यावे लागेल, दोन दिवसांसाठी. तुम्हाला कुठले दिवस बरे पडतील?' भाचेसून आत होती. ती बाहेर आली, मोबाईलमध्ये पाहून म्हणाली, 'शनिवार-रविवार चालेल मामा, सोमवारी माझ्या मीटिंगा असतात.' मला इतके बरे वाटले! तारीख ठरली. मी शनिवारी गेलो, रविवारी रात्री निघालो, आणि दोन्ही सकाळचा चहा मी केला.

हे मी काकांच्या बाबतीत केले असते तर, असे आता म्हणण्यात अर्थ नाही. सोलांची शेवटची पिशवी संपूनही आता बरीच वर्षे झाली.

असो. चवथ जवळ आली आहे. घरोघरी मुंबईकर येतील, पुणेकर येतील, आणि कोणी ना कोणी गोमेकॉची फाईल घेऊनही येईल. तेव्हा पहिल्याच दिवशी, पहिल्याच चहाला, सरळ विचारा, काय काम काढलेत आणि किती दिवसांचे. आणि वाचकांतल्या दादल्यांनो, तो चहा तेवढा तुम्ही करा.